वीसपैकी वीस

ता. ९ जानेवारी

चि. मोठीस,
अनेक आशीर्वाद. विनंती विशेष.

दवाखान्यातून आलो तो थेट लिहायलाच बसलो, अंगातला कोटही काढलेला नाही. बातमीच तशी आहे. तुझी भाची भिंगरी अठरा महिन्यांच्या तपासणीत पहिल्या वर्गात पास झाली. वीसपैकी वीस!

धाकटा आणि सूनबाई सकाळीच कामावर जातात, त्यामुळे लस टोचायला नेणं माझ्याकडे. आजकाल तिथे नुसतं टोचून घरी पाठवत नाहीत. वजन, उंची, डोक्याचा घेर मोजतात आणि घरच्या माणसाच्या हातात एक छापील कागद देतात. मूल आधाराशिवाय चालतं का, ठोकळ्यावर ठोकळा ठेवतं का, हाक मारली की वळतं का, सांगितलेली वस्तू आणून देतं का, असे वीस प्रश्न. पुढे हो किंवा नाही. बाकीचे आजी-आजोबा बाकावर बसून डोकं खाजवत होते. मी मात्र तयारीनिशी गेलो होतो. मागच्या खेपेलाच खिडकीवरच्या बाईंच्या मागे लागून तो कागद मिळवला होता आणि पंधरा दिवस रोज सकाळी भिंगरीची उजळणी घेतली होती. छत्तीस वर्षं शाळा चालवलेल्या माणसाची नात नापास झालेली मला कशी चालेल?

शब्द बोलते का, या प्रश्नाला जरा थांबलो. ती अजून फक्त 'बा' म्हणते. पण पहिलं अक्षर बरोबर असेल तर मी मुलांना अर्धा गुण द्यायचोच, नातीला पूर्ण दिला. धाकटाही अडीच वर्षांचा होईपर्यंत गप्प होता, आता त्याला गप्प करायला माणूस लागतो. शेवटी एक रिकामी जागा होती, मुलाबद्दल काही शंका वाटते का म्हणून. तिथे 'काहीही नाही' असं ठळक लिहून खाली रेघ ओढली. डॉक्टरीणबाईंनी कागदावर नजर टाकली, छान म्हणाल्या आणि पुढच्या मुलाला बोलावलं.

तू नर्स, तुझ्या दवाखान्यातही हेच चालतं, म्हणून निकाल सर्वांत आधी तुला कळवला. कळावे. लोभात खंड पडू देऊ नकोस.

तुझे,
बाबा


ता. १६ जानेवारी

तीर्थरूप बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र मी जेवणाच्या सुट्टीत आमच्या मंडळींना वाचून दाखवलं. अर्ध्या गुणापाशी आमच्या औषधवाल्या बाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मीही हसले. मग संध्याकाळी पत्र पुन्हा वाचलं आणि हसू आलं नाही.

बाबा, तो पेपर नव्हता हो. आणि असलाच तर तुम्ही तो फोडलात! कुणाचं मूल हुशार हे बघायला तो कागद नसतो. कुठल्या मुलाला आताच थोडा हात दिला तर पुढची वाट सोपी होईल, एवढंच त्यातून शोधायचं असतं. एका 'नाही'ने कोणी नापास होत नाही. खोट्या 'हो'ने मात्र मूल आमच्या डोळ्यांसमोरून निघून जातं आणि आम्हाला पत्ता लागत नाही. आणि शंका लिहायला सोडलेली ती शेवटची रिकामी जागा, तीच तर सगळ्यांत महत्त्वाची.

आता न रागावता सांगा. तिला बॉल आणायला सांगता तेव्हा तुमचं बोट बॉलकडे असतं का? हाक मारता तेव्हा तुम्ही तिच्या समोर असता का? एक करून बघा. ती खेळात रमलेली असताना तिच्या पाठीमागे उभे राहा. पाय आपटू नका, टाळी वाजवू नका, नेहमीच्या आवाजात नाव घ्या. तीन वेगवेगळ्या दिवशी करा आणि काय दिसलं ते जसंच्या तसं लिहा. धाकट्याला रागवा माझ्या वतीने, दोन महिन्यांत त्याची एक ओळ नाही.

माया आहे तशीच असू द्या.

तुमची,
मोठी


ता. २४ जानेवारी

चि. मोठीस,
आशीर्वाद.

पत्र पोचलं. तू तीनदा फोन केलास, मी घेतला नाही. फोनवर माणूस आधी बोलतो आणि मग विचार करतो. आपल्या घरात महत्त्वाचं ते कागदावर, ही पद्धत मी मोडणार नाही.

इतक्या लांब बसून तू उंटावरून शेळ्या हाकते आहेस. मूल रोज माझ्या डोळ्यांसमोर आहे. तिला ऐकू येत नाही असं तुला सुचवायचं असेल तर स्पष्ट लिही. दुपारी ती झोपलेली असते आणि मी काठी टेकत लाकडी जिना चढून येतो, तर मी दारात पोचायच्या आत ती डोळे उघडून बसलेली असते. ऐकू येत नसतं तर हे कसं झालं असतं? तुझा तो पाठीमागे उभं राहायचा प्रयोग मी केलेला नाही आणि करणार नाही. स्वतःच्या नातीवर चोरासारखी पाळत ठेवणं मला जमायचं नाही.

बाकी क्षेम.

बाबा


ता. २८ जानेवारी

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

तुम्हाला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. फोन दिवाणखान्यात आहे आणि तिथे बाबा असतात, म्हणून कचेरीत बसून लिहिते आहे.

गेले चार महिने माझ्या मनात पाल चुकचुकते आहे. मी कामावरून येऊन दार उघडते, पर्स ठेवते, तिला हाक मारते. ती ठोकळे रचत बसलेली असते. मी तिच्या समोर जाऊन बसले की मग अशी काही हसते की मीच वेडी असं मला वाटतं. मी बोलून दाखवलं तर तुमचे भाऊ म्हणतात की मीही उशिरा बोललो. बाबा म्हणतात की आजकालच्या आया पुस्तकं वाचून घाबरतात. बाबा तिच्यासाठी किती करतात ते मी बघते, म्हणून पुढे तोंड उघडत नाही. तपासणीच्या कागदात शंकेसाठी जागा होती हे मला तुमच्या पत्रावरून कळलं. बाबांनी ते टेबलावर उघडं टाकलं होतं, मी वाचलं. रागावू नका.

ताई, ती जागा माझी होती. काय करू सांगा. बाबांना माझं नाव कळू देऊ नका.

तुमचा जीव आमच्यावर असाच राहो.

तुमची,
वहिनी


ता. ५ फेब्रुवारी

तीर्थरूप बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

स्पष्ट लिही म्हणालात, म्हणून लिहिते. भिंगरीला नीट ऐकू येत नसावं अशी मला शंका आहे. ती दुपारी जागी होते ती काठीच्या आवाजाने होते की जिन्याच्या हादऱ्याने, हे तुम्ही कसं सांगाल? माझी शंका खोटी ठरली तर मी तिथे येऊन तुमच्यासमोर कान धरून उभी राहीन.

मी सात वर्षं हे काम करते आहे. सुरुवातीला आमचे डॉक्टर म्हणायचे की रांग दारापर्यंत आली आहे, एवढे प्रश्न विचारायला वेळ कुणाला आहे. म्हणून मी मूल वजनकाट्यावर असतानाच विचारायला लागले. मी आईला कागद भरायला देऊन निघून जात नाही. तिच्याशेजारी बसते आणि सगळ्यांत शेवटची रिकामी जागा सगळ्यांत आधी विचारते. मूल रोज जिच्या कुशीत झोपतं तिला काहीतरी जाणवलेलं असतं, फक्त ते कुणी विचारलेलं नसतं. गेल्या वर्षी मी अकरा मुलांना पुढच्या तपासणीला पाठवलं. तीन ठणठणीत निघाली, त्यांच्या आयांनी मला मिठ्या मारल्या. आठ जणांवर वेळेत उपचार सुरू झाले, त्यांच्या आया अजूनही रस्त्यात थांबून बोलतात. मला स्वतःचा अभिमान वाटतो, बाबा, हे मी तुम्हाला कधी लिहिलं नव्हतं.

परक्यांची अकरा मुलं मला दिसली आणि आपली एक दिसली नाही, तर हे सात वर्षांचं काम मी कुठे ठेवू? बोलणं शिकायचं हेच वय आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण या मुठीत भिंगरीचे दिवस आहेत. तुम्ही आजवर माझं ऐकावं असा हट्ट मी धरला नाही. आता धरते आहे.

रागावलात तरी माया आटू देऊ नका.

तुमची,
मोठी


ता. १३ फेब्रुवारी

चि. मोठीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र खिशात घालून दोन दिवस फिरलो. तिसऱ्या दिवशी भिंगरी खिडकीपाशी ठोकळे रचत होती. मी काठी बाहेर ठेवली, पायातले जोडे काढले आणि तिच्या मागे चार पावलांवर उभा राहिलो. नाव घेतलं. मग जरा मोठ्याने घेतलं. मग वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा त्या आवाजात घेतलं. तिने सहावा ठोकळा पाचव्यावर ठेवला आणि स्वतःशीच हसली.

मोठे, मी तिथेच जमिनीवर बसलो. आता कळलं की पंधरा दिवस मी जी उजळणी घेतली ती तिच्या डोळ्यांची होती. ती माझं बोट बघत होती, माझ्या भुवया बघत होती, मी कुठे वळतो ते बघत होती. एवढी हुशार मुलगी माझ्या हाताखाली छत्तीस वर्षांत आली नाही, आणि तिची अडचण मी माझ्या हाताने खोडली.

संध्याकाळी सूनबाईला समोर बसवलं आणि तिची माफी मागितली. तुझ्या पत्रात तिचं नाव नव्हतं, पण मूल रोज जिच्या कुशीत झोपतं असं लिहिलंस तेव्हाच समजलो. मी शाळामास्तर आहे, कुणी कुणाचं बघून लिहिलंय ते ओळखतो. ती रडली, मग मलाच पाणी आणून दिलं. दुसऱ्या दिवशी तिने रजा काढली आणि आम्ही दोघं भिंगरीला घेऊन दवाखान्यात गेलो. खिडकीवरच्या बाईंना रांगेतल्या सगळ्यांदेखत सांगितलं की मागचा कागद मी चुकीचा भरला आहे, नवा द्या. या वेळी सूनबाईने भरला. बारा हो, आठ नाही. शेवटची जागा तिला पुरली नाही, तिने कागद उलटून मागची बाजू भरली. डॉक्टरीणबाईंनी तो पूर्ण वाचला. मागच्या वेळी आपणही नुसती नजर टाकली, हे त्यांनी स्वतःहून कबूल केलं. कानांच्या तपासणीची चिठ्ठी दिली आहे, येत्या मंगळवारी जायचं आहे.

सोनारानेच कान टोचलेले बरे, आणि आमचा सोनार घरातच होता. तू जे काम करतेस त्याला मी आजवर टोचाटोची म्हणत आलो. तो शब्द मागे घेतो. तुझा मला फार अभिमान वाटतो.

तुझे,
बाबा


ता. २ मार्च

तीर्थरूप बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

वहिनीने तपासणीचा निकाल फोनवर सांगितला. दोन्ही कानांनी बरंच कमी ऐकू येतं. जन्मल्यावर केलेली तपासणी ठीक होती, तरी पुढे असं होऊ शकतं, तेव्हा कुणी स्वतःला बोल लावू नये. तुम्ही तर मुळीच नाही. दोन्ही कानांना यंत्रं बसतील, बोलायला शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून दोनदा येतील आणि भिंगरी तुम्हा सगळ्यांना पुरून उरेल. अठरा महिने हे काही फार उशिराचं वय नाही. तीन वर्षांची होऊन आमच्याकडे येणारी मुलं मी पाहिली आहेत.

तुमचं मागचं पत्रही मी इथे वाचून दाखवलं. या वेळी औषधवाल्या बाई डोळे पुसत उठून गेल्या. माझ्या सांगण्यावरून आमच्या डॉक्टरांनी ठरवलंय की यापुढे कागद घरच्यांच्या हातात आधी द्यायचा नाही, शेजारी बसून विचारायचं, आणि मूल आजोबांबरोबर आलं असेल तर आईला फोन लावून विचारायचं. त्यांनी कारण विचारलं, तर मी सांगितलं की माझ्या वडिलांनी भरल्या रांगेसमोर आपली चूक सांगितली. छत्तीस वर्षं तुम्ही कधी चुकला नाहीत असं आम्हाला वाटायचं. तेव्हा तुमचा धाक वाटायचा. आता अभिमान वाटतो, आणि हे मला जास्त आवडतं.

वहिनीला सांगा, पत्रं लिहीत जा. आपुलकी अशीच राहू द्या.

तुमची,
मोठी


ता. १९ जुलै

चि. मोठीस,
अनेक आशीर्वाद. विनंती विशेष.

यंत्रं बसून चार महिने झाले. पहिले आठ दिवस ती काढून फेकायची, एकदा बुटात सापडलं. मग पाण्याचा नळ, कुलपाची किल्ली, धाकट्याची शिंक, एकेक आवाज ती शोधत हिंडायला लागली. हल्ली सकाळी उठल्यावर कानांकडे बोट दाखवून यंत्रं मागते. बोलायला शिकवणाऱ्या बाई वयाने तुझ्याहून लहान असतील, पण मला वर्गात उभं करतात. आजोबा, तुम्ही सारखे प्रश्न विचारता, म्हणतात. तिची परीक्षा घेऊ नका, तिच्याशी गप्पा मारा. मी मान हलवतो आणि त्या गेल्या की चित्रांचे पत्ते काढतो. जित्याची खोड.

आज सकाळीही तेच चाललं होतं. सूनबाई दारात बूट घालत होती. मी भिंगरीला समोर बसवून गाईचं चित्र तिसऱ्यांदा दाखवलं आणि हे काय म्हणून विचारलं. तिने आधी चित्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग माझा हात बाजूला सारला आणि म्हणाली, "नको."

न स्पष्ट, क स्पष्ट. माझ्याच कानांवर माझा विश्वास बसेना, म्हणून मी चित्र पुन्हा पुढे केलं. तिने कपाळाला आठी घातली आणि आणखी मोठ्याने म्हणाली, "नको!"

छत्तीस वर्षांत मला तोंडावर नको म्हणायची कुणाची छाती झाली नव्हती. तुझी नाही, धाकट्याची नाही. दोन वर्षांच्या पोरीची झाली, आणि मी मुख्याध्यापक असूनसुद्धा ढसाढसा रडलो. सूनबाई एक बूट पायात, एक हातात अशी उंबऱ्यातच बसली. कामावर दोन तास उशिरा गेली.

मी पत्ते गुंडाळून ठेवले. ही बातमी ताईला तूच लिही, असं सूनबाईला म्हटलं. तर ती म्हणाली की भिंगरीने पहिला नकार तुम्हाला दिलाय, बाबा, मान तुमचाच, तुम्हीच लिहा.

म्हणून लिहिलं. लोभ आहेच, तो दिवसेंदिवस वाढता राहो.

तुझे,
बाबा