बिबट्याचा पंचनामा

३ डिसेंबर १९३४
रंगराव देशमुखांच्या शिकारीत आज तांड्यावरचा सेवालाल गेला. हाकाऱ्यांबरोबर डबा बडवत जनावर उठवत होता. झुडूप हललं, देशमुखांनी गोळी घातली. मी मचाणावर त्यांच्या शेजारीच. पोलीस पाटील मी, साक्षीदार मी, रिपोर्ट मीच लिहिणार. खरा लिहिणार! नानाजी पाटलाचा कणा अजून ताठ आहे.

४ डिसेंबर
टाकाचं निब मोडलं. उद्या नक्की.

५ डिसेंबर
देशमुखांकडे हुरड्याचं बोलावणं. गेलो. चौकशी नको का करायला? हुरडा कोवळा होता. फौजदारही दही ओरपत होते. देशमुख म्हणाले, पाटील, तुमची नजर तेज, बिबट्या तुम्हीच आधी पाहिला ना? आता पिवळं काहीतरी हललं होतं खरं.

६ डिसेंबर
रिपोर्ट गेला. 'बिबट्याच्या हल्ल्यात मयत.' भाषा शुद्ध आहे. सत्य मी सोडलेलं नाही, वरच्या साहेबांना तोंडी सांगायला राखून ठेवलंय.

९ डिसेंबर
सेवालालची आई चंदाबाई ओसरीवर येऊन बसली. पोराचा पिवळा फेटा माझ्यापुढे पसरला. म्हणाली, पाटील, हे भोक पाहा. बिबट्या गोळी कशी घालते? म्हटलं, कायदा तुला नाही समजायचा. तर म्हणे, मले नाही समजत म्हणून तं तुमाले इचारून राह्यली. तुमी तं वरच बसले होते.
बाई उद्धट. जेवण गेलं नाही. हुरडा बाधला असावा.

१४ डिसेंबर
भलतंच झालं. तालुक्याहून ऑर्डर: माणूस मारणारा बिबट्या ठार होईपर्यंत जंगल बंद. तांडा मोळ्या विकून खातो, म्हणजे तिकडे चुली थंड. माझ्या रिपोर्टातला बिबट्या आता लोकांची भाकर खातोय. उद्या तालुक्याला जाऊन सगळं खरं सांगून टाकतो.

१५ डिसेंबर
आज बाजाराचा दिवस. साहेबांना गर्दीत काय गाठायचं?

१८ डिसेंबर
बिबट्या मारायचं काम देशमुखांनीच अंगावर घेतलंय. लोकांसाठी केवढी तळमळ! निरोप आला, पाटील, शुक्रवारी या, हाकारे आणा. तांड्यावर कोणी उठेना. दटावलं तेव्हा कबूल झाले. मी लग्नातला केशरी फेटा काढून ठेवलाय. मचाणावर साहेबलोक असणार, ओळख होईल. तिथंच संधी साधून सत्य सांगतो.

२१ डिसेंबर, संध्याकाळ
मचाणावर फौजदार, देशमुखांचे व्याही, आणखी दोन पाहुणे. मी शिडीला पाय लावला तोच देशमुख वरून म्हणाले, पाटील, जागा नाही, तुम्ही खाली हाक्यात राहा.
हाक्यात गेलो. थंडीत सगळे हाकारे बोडके. सेवालालचा धाकटा भाऊ धरमसिंग माझ्या शेजारी. त्यानं माझ्या डोक्याकडे पाहिलं. म्हणाला, फेटा काढा पाटील, वरून बिबट्या दिसते.
मी त्याला झापलं. हाका सुरू झाला. वर बंदुकीचा खटका वाजला. मी फेटा काढून काखेत मारला आणि मचाणापर्यंत ओरडत गेलो, मी माणूस आहे, मी नानाजी पाटील आहे.
बिबट्या निघाला नाही. रविवारी पुन्हा हाका आहे.