टाक्यासाठी घरची माती

चिखलदऱ्याच्या माळावरून,
दिवाळीनंतरचा सोमवार

सोहमच्या आजीस,

महिना झाला तरी कागद लिहिला नाही, रागावू नको. इथे फोन लागत नाही, आणि लिहायला बसलो की काहीतरी काम निघते.

मी बरा आहे. खोकला आहे, पण तो थंडीचा. खोलीवर टिनं चढली. लाईट नाही, सोलरवर दोन दिवे लागतात. होळी झाली की तू इथे यायचं, पाऊस लागला की अकोटला परतायचं. पुढचा उन्हाळा खालच्या गर्मीत काढू नका, असं डॉक्टर म्हणाले ना? तुझा दम कसा आहे? आपला अमोल इथे येतो तेव्हा नुसतं 'बरी आहे' म्हणतो.

एक चूक झाली. तुला पाण्यासाठी झऱ्यावर उतरावं लागू नये म्हणून दारापाशी टाकं खोदलं. दिवाळीच्या पावसात ते भरलं आणि चार दिवसांत कोरडं झालं. शेजारचा सोमजी हसला, "बावाजी, हे तुमचं काळं वावर नाई. मुरमात पानी थांबत नाई." जन्मभर काळ्या मातीत राबलो, माती पाणी धरतेच, असं समजून बसलो.

तर अमोलजवळ विहिरीकडच्या वावरातली ट्रॉलीभर माती पाठव. चिखल तुडवून टाकं आतून लिंपतो.

"घर सोडून त्या डोंगरात कावून जाऊ?" हे तुझं बोलणं मनातून जात नाही. माती आली म्हणजे तू येतेस असं समजेन. पण तोवर धीर निघत नाही. एसटीच्या ड्रायव्हरजवळ आधी दोन ओळी दे.

सोहमचा आजा