त्या उत्तरायणला तुम्ही गच्चीवर गेला नाहीत

बाबा, बारावीच्या सहामाहीत मी गणितात नापास झाले, त्या संध्याकाळी कारेलीबागच्या आपल्या हॉलमध्ये शेजारचे काका चहाला आले होते. त्यांच्यासमोर तुम्ही हसत हसत म्हणालात, "हिच्याच्यानं काही व्हायचं नाही." मकरपुऱ्याच्या कारखान्यातून दमून आलेला माणूस, सहज बोलून गेलात. मी मात्र ते खरं धरून बसले. ट्यूशन सुटली, मैत्रिणी सुटल्या, तीन-तीन दिवस आंघोळ नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. आई म्हणायची नजर लागली, आत्या म्हणायची नाटकं आहेत. डिप्रेशन हा शब्द तेव्हा आपल्या घरात कुणाच्या तोंडी नव्हता.

संक्रांतीचं, पतंगांचं उत्तरायण म्हणजे तुमचा जीव की प्राण. पतंगाचा तोल ज्या दोऱ्यावर राहतो ती किन्ना तुम्ही आदल्या दिवशीच सगळ्या पतंगांना बांधून ठेवायचात. त्या वर्षी मात्र सकाळी कोऱ्या पतंगांचा गठ्ठा घेऊन माझ्या पलंगाशी येऊन बसता. "गुडघा धरलाय गं. वर चढवत नाही. मी भोकं पाडतो, तू बांध." गुडघा कसला धरतोय! अख्खी सोसायटी गच्चीवर, आणि तुम्ही खाली लंगडायचं सोंग करत. मी चिडून उठते, पहिला कसाबसा बांधते; सोसायटीतलं एक पोर तो वर घेऊन जातं. थोड्या वेळानं वरून शेजारचे काका ओरडतात, "अरे, आ तो गोळ गोळ फरे छे! किन्ना कोणे बांधी?"

"में बांधी, भाई! डोसो थई गयो!" म्हातारा झालो म्हणत दोष तुम्ही स्वतःवर घेता.

सातव्या की आठव्या पतंगाला पुन्हा त्यांचाच आवाज, असेच पाठवा म्हणून, "आ सरस छे! आवा ज मोकलो!" तुम्ही लंगडणं विसरून जिन्यापर्यंत धावलात. "मारी दीकरीए बांधी छे!" लेकीनं बांधलीय, हे सगळ्या मजल्यांना ऐकू गेलं असेल. मी पलंगावर बसून खूप रडले, कितीतरी दिवसांनी.

त्यानं मी बरी झाले असं नाही. उन्हाळ्यात तुम्ही मला स्कूटरवरून मनाच्या डॉक्टरांकडे नेऊ लागलात, घरी सांगायचात डोळ्यांच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, हे कशानं सुरू झालं? तुम्ही बाहेर बाकावर होतात, दार अर्धवट उघडं. मी म्हणाले, गणिताच्या पेपरानं. बाहेर तुम्ही सुटकेचा निःश्वास टाकलात, की मला तसा भास झाला, कोण जाणे. बाबा, मी खोटं बोलले होते. आणि तुम्ही आज असतात, तर आजही मी गणिताचंच नाव घेतलं असतं.