पुढच्या घराचा हातचा

सोमवार, ४ नोव्हेंबर
आले एकदाची! नवं गाव, भाड्याचं छोटं घर, आणि पहिली शिकवणी अगदी भिंतीला भिंत लागून. शिवणकाम करणारी आई आणि तिची तिसरीतली मुलगी. सगळे तिला चिंगी म्हणतात. पोर तल्लख, पाढे घडाघडा म्हणते. बेरजा मात्र चुकतात, आणि एकाच जागी. हातचा घेतच नाही! आईला विचारलं, तर मशीन थांबवून म्हणाली, बाई, भागाकार शिकवा, भूमिती शिकवा, पण या घरात हातचा घ्यायचा नाही. मला हसूच फुटलं. उद्या म्हणाल, वर्तुळाला मध्य नसतो! मी आजवर हातचं राखून कुणाला शिकवलं नाही, इथेही शिकवणार नाही.

मंगळवार, ५
मुलांच्या डोक्यात भीती भरणाऱ्या मोठ्यांचा मला मनापासून राग येतो. अशाने ही हुशार पोर नापास होईल. आई माप घ्यायला बाहेर पडताच चिंगीला शिकवलं. सात नि पाच बारा, बाराचे दोन, हातचा एक. करंगळी मुडपून धर आणि हातचा डावीकडच्या, पुढच्या घराला दे. पोर खुलली. करंगळी मुडपून म्हणाली, बाई, कुणीतरी बोट धरलंय! तेवढ्यात आईची चाहूल लागली. पाटी पुसली. बेरीज अर्धीच राहिली.

बुधवार, ६
चिंगीची करंगळी उघडत नाही. डॉक्टर म्हणाले, बोट ठणठणीत आहे, पोर नाटकं करते. मी आईपाशी सगळं कबूल केलं. ती रागावली नाही, तेच जास्त लागलं. मग हळूच म्हणाली, माझ्या थोरल्या लेकीनेही एकदा हातचा घेतला होता. आधी करंगळी गेली, मग मूठ, मग कोपर. एका दुपारी खुर्चीवर नुसता फ्रॉक उरला.
यावर माझा विश्वास नाही, असं मी ठणकावून सांगितलं. निदान तसा प्रयत्न केला.

गुरुवार, ७
राहिलेली बेरीज पुरी करून घेतली. उत्तर बरोबर आलं. तरी दुसरं बोट मिटलं. करंगळीवर बारीक बोटांचे वळ आहेत. चिंगी विचारते, बाई, माझं काय चुकलं? तुझं काही नाही गं, सोने. माझं चुकलं, आणि निस्तरणारही मीच.

शुक्रवार, ८
मूठ मिटली. मनगट गार. ती मूठ सारखी डावीकडे ओढली जाते — भिंतीकडे. भिंतीपलीकडे माझं घर.
घर! मीच म्हणाले होते ना, पुढच्या घराला दे. पोरीचं बोट ज्याने धरलंय, त्याने माझा शब्दही धरलाय. पाटीवरचं घर त्याला चालत नाही.

शनिवार, ९
चिंगीला माझ्या दारात आणलं. तिची मूठ हातात घेऊन मोठ्याने म्हटलं, हातचा माझा, या घरात मिळवला. बोटं उघडली. एकेक. पोरीने टाळी वाजवली. आई रडत म्हणाली, बाई, पण आता तुम्ही — मी म्हटलं, आता तिला बेरजा करू द्या.
माझी करंगळी मिटली आहे.

सोमवार, ११
उजवी मूठ गेली. डाव्या हाताने लिहिते. कोपर गार. ओढ डावीकडे — तिथे न्हाव्याचं घर, त्याची रांगती जुळी. भिंतीतून त्यांचं खिदळणं ऐकू येतं. त्याला तिकडे जायचंय.
नाही. जाऊ देणार नाही.

मंगळवार, १२
खांदा. चिंगी दाराबाहेरून ओरडतेय, बाई, सगळ्या बेरजा बरोबर! वा गं माझी वाघीण. कडी काढली नाही.
ऐक रे, जो कोण असशील तो. तुला अर्धंच गणित येतं. शेवटच्या घरात हातचा पुढे जात नाही. तिथेच खाली उतरवतात — बेरीज संपते. शेवटचं घर कुठलं, ते मी ठरवणार. हे. माझं. ओढ, किती ओढायचं ते — मी रेघ मारली आहे. बघ. उतरवते. खाली. माझ्याच हाताने — हातचा ए