प्रवासखर्च शून्य

लातूर,
२७ सप्टेंबर २०२४

ती. आजीस, सा. न. वि. वि.

गुडघा कसा आहे? फोनवर तू बरा आहे म्हणून मोकळी होतेस, म्हणून पत्र.

आमच्या ऑफिसात पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक चाललंय. कुठल्या कामाला किती पैसे लागतील ते पंधरा तारखेपर्यंत पुण्याला कळवायचं. त्यात माझी फजिती झालीय. निलंग्याकडचा शेळ्यावाला उमाशंकर आठवतो ना? त्यानं बांधाच्या भांडणात शेजाऱ्याचं डोकं फोडलं. पण पहिलाच गुन्हा म्हणून कोर्टानं तुरुंगाऐवजी तीन वर्षं नीट वागायच्या हमीवर सोडलं आणि लक्ष ठेवायला आमच्या ऑफिसला सांगितलं. अशा सगळ्यांच्या घरी मी दर महिन्याला जाते. पण आमचे अमरेश सर म्हणाले, गृहभेटींचा प्रवासखर्च यंदा कुणी मागितलाच नाही. म्हणजे गरज नाही, शून्य करून टाकू.

मागितला नाही तो मीच. एसटीनं, टमटमनं जायची आणि तिकीट फेकून द्यायची. कुणाच्या घरी जाऊन आल्यावर भाड्याचं नाव काढू नये, हे तूच शिकवलंस ना!

शून्य झालं की या माणसांनीच दर महिन्याला लातूरला यायचं. उमाशंकरच्या शेळ्या कोण राखणार? माझ्याआधीच्या साहेबांच्या वेळी लातूरला यावं लागायचं, तेव्हा तो दोनदा हजेरी चुकलाय. पुन्हा चुकला तर हमी मोडली म्हणून आत जाईल. काय करू?

आईबाबांना नमस्कार. तुझी माया आहेच, ती तशीच असू दे.

तुझी,
शिवांगी

*

मु. पो. भोकर,
३ ऑक्टोबर २०२४

चि. शिवांगीस, कस्तुराबाईचे उदंड आशीर्वाद.

पत्र तुझी आई लिहून राहिली. तिनं मधात आपलं काही घुसडलं तर ते तिचं.

गुडघा हाय जागेवर. तुझं पत्र तीनदा वाचून घेतलं. पहिल्यांदा म्या हसले, दुसऱ्यांदा तुझी आई रडली, तिसऱ्यांदा मला राग आला. म्या शिकवलं ते सोयऱ्याच्या घरी जायचं, पोरी. उमाशंकर तुझा मावसा हाय का? सरकारनं धाडलं तर भाडं सरकारचं.

तुझ्या साहेबावर राग न्हाई. ज्यानं ताटात भाकर शिल्लक ठेवली त्याला दुसऱ्या दिवशी म्या बी कमीच वाढते. तुझ्या बापाला विचार.

आता ऐक. तुझी समदी पत्रं माझ्या शेवयांच्या डब्यात हायत. मला अक्षर येत न्हाई, म्हणून तर एक बी टाकलं न्हाई. कोणतं कामाचं अन् कोणतं बिनकामाचं, मला काय कळतं? तुझ्या आईला डबा देऊन बसवलं. कोण्या तारखेला कोण्या गावाला, कशात बसून, वाटेत काय खाल्लं, समदं तू लिहिलेलं हाय. तिनं यादी केली, ती सोबत धाडली. साहेबापुढं ठेव. औशाची भजी गाळू का म्हणून ती विचारत होती. म्या म्हणलं राहू दे, भजी कशाला खोटं बोलतील?

जूनमधी एसटी चुकली अन् तू कुण्या अनोळखी माणसाच्या फटफटीवर बसून गेलीस, ते वाचून तुझ्या आईनं लिहायचं थांबवलं होतं. पाणी पिऊन आली. तवा ते पत्र तुझ्या बापानं वाचून दाखवलं होतं अन् तेवढी ओळ गिळली होती. आता त्याचं बी अंदाजपत्रक निघणार.

लई विचार करू नको. लोभ माझ्याकडून कमी व्हायचा न्हाई, तू बी कमी करू नको.

कस्तुराबाई
(हे वर्षाराणीनं लिहिलं. फटफटीबद्दल मी वेगळं बोलणार आहे.)

*

लातूर,
१६ ऑक्टोबर २०२४

ती. आजीस, सा. न. वि. वि.

यादी सरांनी दोनदा वाचली आणि औशात ही भजी नेमकी कुठं मिळतात ते विचारून घेतलं. मग म्हणाले, घरची पत्रं सरकारी फायलीत लावता येत नाहीत. माझं तोंडच उतरलं. पण त्यांनी माझे भेटीचे अहवाल काढले आणि एकेक तारीख तुझ्या यादीशी ताडून पाहिली. सगळ्या जुळल्या. त्यांनी स्वतःच्या हातानं शून्य खोडलं आणि आकडा लिहिला. काल कागद गेले. मंजुरी यायची आहे, पण सर म्हणतात, कारण दाखवलंय तर कापणार नाहीत. फेकलेल्या तिकिटांचे पैसे गेले ते गेले. यापुढं दर महिन्याला बिल द्यायचं, नाहीतर मलाच मेमो!

आज उमाशंकरकडे जाऊन सांगून आले. लातूरच्या खेपा घालाव्या लागतील म्हणून त्यानं शेळ्या विकायला काढल्या होत्या. माझ्यासमोर गिऱ्हाइकाला परत पाठवलं. तिकीट जपून आणलंय.

आईचा राग उतरला असेल तर कळव. तोवर लोभ तूच दुप्पट कर.

तुझी,
शिवांगी

*

मु. पो. भोकर,
२१ ऑक्टोबर २०२४

चि. शिवांगीस, कस्तुराबाईचे उदंड आशीर्वाद.

शेळ्या वाचल्या, बरं झालं. आईचा राग उतरला, आता बापावर हाय.

डबा उघडल्यापासून एक गोष्ट डोक्यात बसली. औंदा तू उमाशंकरच्या घरी नऊदा गेलीस, माझ्याकडं दोनदा. तुझी भेट मिळायला म्या बी बांधावर कुणाचं डोकं फोडावं का? तुझ्या बापाचं जवळच हाय.

तर माझं बी अंदाजपत्रक लिहून घे. दिवाळीला गृहभेट एक, दिवस चार. करंज्या समद्या तुझ्या नावावर. आली न्हाईस तर गरज नव्हती असं समजून पुढच्या वर्षी शून्य करीन, मग साहेबाला घेऊन आलीस तरी खोडायची न्हाई.

एसटीनंच ये, फटफटीवर नको, हे तुझ्या आईनं घुसडलं. अन् या खेपेचं तिकीट मातर खुशाल फेकून दे.

वाट पाहणारी,
कस्तुराबाई