सायाममधली बढाई

बाबा,

मी मेडिकलमधून वर्षभराची सुट्टी घेतलीय, हे खोटं होतं. कॉलेज सोडून मी कार्डिफच्या हॉस्पिटलमध्ये ट्रॉल्या ढकलतो, कारण मरिसेल तिथे नर्स आहे. ती फिलिपिन्सची, इस्नाग जमातीची. तिच्याजवळ राहणारी तिची आजी फक्त इस्नाग बोलते. ती म्हणायची, "ज्याच्याशी मला भांडता येत नाही, तो नातजावई नको." म्हणून आठ महिने मी ती भाषा घोकली.

काल इथल्या इस्नाग लोकांची सायामची मेजवानी होती. तिथे पुरुषाने नारळावर वार करून आपला पराक्रम सगळ्यांना ओरडून सांगायचा असतो. बढाई मारू नये, हे तुम्हीच शिकवलेलं! काही सुचेना, मग इस्नागमध्येच ओरडलो, "मी डॉक्टर होणार नाही!"

"बापाला सांगितलंस?" आजीने विचारलं.

"नाही."

"मग हा कसला पराक्रम, भित्र्या?"

माझं डोकं फिरलं. भर हॉलमध्ये दहा मिनिटं कडाक्याने भांडलो, बाबा! शेवटी आजीच हसत सुटली आणि तिने मरिसेलचा हात माझ्या हातात दिला.

पण तिचं म्हणणं खरं होतं. म्हणून हे पत्र पोस्टात टाकणार नाही. रविवारी आम्ही दोघं स्टॅनमोरला, घरी येतोय. दार उघडलंत की सगळं तोंडानेच सांगेन.

तुमचा,
मिहीर