मागच्या सीटची वायर

प्रिय धाकटोबा,

दचकू नकोस, घरी सगळं ठीक आहे. फोनवर बाबांचा विषय निघाला की तुला नेमकं तेव्हाच काम आठवतं, म्हणून लिहितेय. पत्र तू अर्धवट सोडणार नाहीस. तू तर औषधाच्या बाटलीवरचा कागदही शेवटपर्यंत वाचणारा.

तुझं आणि बाबांचं ते बिनइंजिनाचं विमान, तुमचं लाडकं ग्लायडर, सध्या माझ्या ताब्यात आहे. हसू नकोस. आयुष्यात एकदाच मी त्यात बसले आणि उतरल्यावर गवताला मिठी मारली, हे खरं. पण वायरिंग करायला काही उडावं लागत नाही. दुकानात दिवसभर लोकांचे अ‍ॅम्प्लिफायर उघडणाऱ्या लेकीला क्लबातल्या हँगरवर, तुमच्या त्या विमानाच्या शेडमध्ये पाठवलं ते बाबांनीच. पुढच्या सीटसमोरचा व्हेरिओ, म्हणजे आपण वर चढतोय की खाली येतोय ते आकड्यांत दाखवणारं तुमचं ते यंत्र, बंद पडला होता. नवा बसवायचा आणि मागच्या सीटसमोरच्या छोट्या पडद्याला जोडून द्यायचा, एवढंच काम, असं मी धरून चालले होते.

आता गंमत ऐक. नव्या यंत्राचं सॉकेट आणि मागच्या पडद्याचा प्लग, दोन्ही जुन्या टेलिफोनच्या वायरीला असायचे तसे. घातला की खट्कन बसतो. आणि तिथेच माणूस फसतो. एका कंपनीने ज्या पिनेवर वीज दिलीय, त्याच पिनेवर दुसरीचा पडदा आकड्यांची वाट बघत असतो. प्लग बसला म्हणून मी बटण दाबलं असतं तर पडद्याने तिथेच मान टाकली असती. खोटं कशाला बोलू, मला तू आणि बाबा आठवलात. नाक सारखं, हट्ट सारखा, आणि जोडायला गेलं की ठिणगी.

म्हणून मीटर घेऊन एकेक तार तपासायला बसले. जुन्या यंत्रासाठी बाबांनी हाताने केलेली केबल सीटखालून मागे गेली होती. तिचं टोक उघडून पाहते तर लाल आणि काळी तार जोडलेलीच नाही! म्हणजे मागच्या पडद्याला वीजच नाही. आधी मला आसुरी आनंद झाला, बाबांची चूक सापडली म्हणून. मग नीट पाहिलं. तारा तुटल्या नव्हत्या, कापल्या होत्या. टोकांवर प्लॅस्टिकची नळी चढवून, ती गरम करून आवळून, वर दोऱ्याने बांधलेल्या. चुकून कोणी इतकं नीटनेटकं करतं का? पडदा जळका असेल म्हणून त्याला बाहेरून वीज दिली, तर तो लख्ख उजळला. मला कुठलंही झाकण बंद बघवत नाही, हे तुला माहीत आहेच. जेवताना, भांडी घासताना डोक्यात तेच: धडधाकट पडद्याची वीज मुद्दाम कशाला तोडायची?

शेवटी बाबांनाच विचारलं. चष्मा पुसत म्हणाले, "अगं, समोर आकडे दिसले की माझी जीभ वळवळते."

मागच्या सीटवरून बाबांच्या सूचना थांबेनात, तो दिवस तुलाही आठवत असेल. उतरल्या उतरल्या टोपी आपटून तू सगळ्यांदेखत म्हणालास, "तुम्हीच मागून उडवणार असाल तर मला पुढे बसवता कशाला?" त्यानंतरचा सबंध हंगाम बाबांनी हवेत तोंड उघडलं नाही. तुला वाटलं ते रुसले, तुला त्यांनी सोडून दिलं. मलाही तसंच वाटलं होतं. तुमचं बोलणं तुटलं ते तिथूनच. तर त्याच आठवड्यात त्यांनी ती वीज तोडली होती, रे. उंचीची आणि वेगाची साधी घड्याळं मागे होती म्हणा, जिवावर उदार होण्याइतके ते वेडे नाहीत. पण तुला वर उचलणारी हवा सापडतेय की निसटतेय, हे न बघता ते मागे गप्प बसून राहिले, पोरगा सांभाळेल म्हणून. आणि हे तोंडाने सांगतील तर ते बाबा कसले! मला रडू आलं आणि रागही आला, दोघांचाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. डोळ्यांमुळे डॉक्टरांनी बाबांना स्वतः उडवायला बंदी केलीय. दुसरं कोणी पुढे बसून उडवणार असेल तर मागे बसायला हरकत नाही. क्लबातले चौघेजण तयार आहेत. बाबा प्रत्येकाला काहीतरी कारण सांगून वाटेला लावतात. परवा काम संपत आलं तेव्हा मी विचारलं, मागच्या पडद्याची केबल नव्याने करून देऊ का? आता कोण पुढे बसणार कोणास ठाऊक, तुम्हाला आकडे दिसलेले बरे. म्हणाले, "नको, राहू दे तशीच." मग वाकून पुढच्या सीटपाशी डोकावले आणि मलाच दटावलं, "ही पेडलं जवळ का ओढलीस? त्याचे पाय लांब आहेत." मी पेडलं पुन्हा होती तिथे सरकवून ठेवली आहेत. ये.

तुझीच, गवताला मिठी मारणारी
ताई